अमेरिकेच्या कॉलेजांत 'ब्लॅक स्टडीज' कसं आलं, त्यात काय शिकवतात आणि त्यावरून वाद का होतो?

अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना होते. १८५० आणि १८६०च्या जनगणनेत गुलामांसाठी वेगळा तक्ता होता. त्यात मालकाचं नाव असे आणि त्याखाली त्याच्या प्रत्येक गुलामाचं वय, लिंग आणि वर्ण. गुलामाच्या नावासाठी रकानाच नव्हता. १८६५मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेतल्या १३व्या दुरुस्तीनं गुलामगिरी संपली. त्यानंतर आलेल्या १८७०च्या जनगणनेत गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांची नावं पहिल्यांदा सरसकट लिहिली गेली.

आज एखादा आफ्रिकन-अमेरिकन माणूस आपली वंशावळ शोधायला बसला की खापरपणजोबांपर्यंत येतो आणि १८७०ला अडकतो. वंशावळी शोधणारे याला '१८७०ची भिंत' म्हणतात. त्या भिंतीपलीकडे माणसं होती. त्यांची भाषा, गाणी, देवधर्म, कामातलं कौशल्य, नाती सगळं होतं. पण कागदावर ती फक्त कुणाच्या तरी मालमत्तेत मोजली गेली.

मग या माणसांचा इतिहास लिहायचा कसा? आणि तो लिहिणं हे विद्यापीठाचं काम आहे की नाही? या दोन प्रश्नांतून जो विषय उभा राहिला, तो आज अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांत आणि विद्यापीठांत पदवीपासून पीएचडीपर्यंत शिकवला जातो. तो कुणी आपण होऊन सुरू केला नाही. विद्यार्थ्यांना त्यासाठी संप करावा लागला, मार खावा लागला, तुरुंगात जावं लागलं.

विषयाचं नाव नेमकं काय?

याची नावं बरीच आहेत. ब्लॅक स्टडीज, आफ्रिकन-अमेरिकन स्टडीज, आफ्रिकाना स्टडीज. नावागणिक आवाका थोडा बदलतो. 'आफ्रिकन-अमेरिकन' म्हटलं की भर अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांवर असतो. 'आफ्रिकाना' म्हटलं की आफ्रिका, कॅरिबियन बेटं, ब्राझील आणि जगभर विखुरलेले आफ्रिकी वंशाचे लोकही त्यात येतात.

हा निव्वळ इतिहासाचा विषय नाही. इतिहास, साहित्य, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, संगीत, कायदा, धर्म या सगळ्यांची अवजारं घेऊन एका समाजाचा अनुभव समजून घ्यायचा, अशी त्याची मांडणी आहे.

कॉलेजात येण्याआधी हा अभ्यास कोण करत होतं?

फेब्रुवारी महिन्यात तुमच्या फीडमध्ये 'ब्लॅक हिस्टरी मंथ'च्या पोस्ट दिसत असतील. त्याची सुरुवात कार्टर जी. वुडसन या माणसानं केली. वुडसन यांचे आईवडील गुलामगिरीतून सुटलेले होते. तरुणपणी त्यांनी वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळशाच्या खाणीत काम केलं. १९१२मध्ये त्यांनी हार्वर्डमधून इतिहासात पीएचडी मिळवली.

१९१५मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांच्या जीवनाचा आणि इतिहासाचा अभ्यास करणारी संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी संशोधन नियतकालिक सुरू केलं. १९२६च्या फेब्रुवारीत त्यांनी 'निग्रो हिस्टरी वीक' साजरा केला. 'निग्रो' हा शब्द तेव्हा सर्रास वापरला जाई, आज तो अपमानास्पद मानतात. त्याच आठवड्याचा १९७६मध्ये महिना झाला.

वुडसन यांच्याआधी हार्वर्डची पीएचडी मिळवणारे पहिले आफ्रिकन-अमेरिकन म्हणजे डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस. वर्ष १८९५. त्यांनी फिलाडेल्फिया शहरातल्या कृष्णवर्णीय वस्तीत घरोघरी जाऊन पाहणी केली आणि १८९९मध्ये त्यावर पुस्तक काढलं. गरिबी आणि गुन्हेगारीचं मूळ लोकांच्या 'रक्तात' नसून त्यांना मिळणाऱ्या कामात, घरभाड्यात आणि भेदभावात आहे, हे त्यांनी आकडे देऊन मांडलं.

तिसरं नाव आर्तुरो शॉम्बर्ग यांचं. ते मूळचे पोर्तो रिकोचे. आफ्रिकी वंशाच्या लोकांची पुस्तकं, हस्तलिखितं, चित्रं त्यांनी जन्मभर जमवली. १९२६मध्ये न्यू यॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयानं हा संग्रह १० हजार डॉलरला घेतला. हार्लेममधलं आजचं शॉम्बर्ग सेंटर त्यातूनच वाढलं.

म्हणजे अभ्यास होत होता. हॉवर्ड, फिस्क, अटलांटा अशा कृष्णवर्णीयांसाठी निघालेल्या विद्यापीठांत तो शिकवलाही जात होता. पण गोऱ्यांच्या मोठ्या विद्यापीठांत अमेरिकेचा इतिहास शिकताना हे सगळं जवळपास गायब होतं.

१९६८चा संप काय होता?

१९५४मध्ये सुप्रीम कोर्टानं शाळांतली वर्णभेदी विभागणी बेकायदा ठरवली. १९६४मध्ये नागरी हक्क कायदा झाला, १९६५मध्ये मतदानाच्या हक्काचा कायदा झाला. गोऱ्यांच्या कॉलेजांत कृष्णवर्णीय मुलं जास्त संख्येनं येऊ लागली. आत आल्यावर त्यांना दिसलं की वर्गात जागा मिळाली, पण पुस्तकात नाही.

सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजमधल्या ब्लॅक स्टुडंट्स युनियननं याच मुद्द्यावर काम सुरू केलं. कॉलेजनं १९६८च्या सुरुवातीला नेथन हेअर या समाजशास्त्रज्ञाला ब्लॅक स्टडीजचा आराखडा करायला बोलावलं. पण स्वतंत्र विभाग काही होईना. त्यातच जॉर्ज मरे या इंग्रजी शिकवणाऱ्या तरुण शिक्षकाला निलंबित करण्यात आलं. मरे ब्लॅक पँथर पक्षाचे शिक्षणप्रमुख होते.

६ नोव्हेंबर १९६८ला संप सुरू झाला. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या १० मागण्या होत्या. लॅटिनो, आशियाई आणि इतर विद्यार्थ्यांच्या संयुक्त आघाडीनं आणखी ५ मागण्या जोडल्या. पदवी देणारा स्वतंत्र विभाग, २० पूर्णवेळ शिक्षक, हेअर यांना प्राध्यापकपद आणि त्याला साजेसा पगार, मरे यांना परत घेणं आणि अर्ज करणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश, या त्यातल्या मुख्य मागण्या.

कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर तेव्हा रोनाल्ड रेगन होते. कॉलेजचे हंगामी अध्यक्ष म्हणून एस. आय. हायाकावा यांना आणलं गेलं. ते भाषाशास्त्राचे जपानी वंशाचे प्राध्यापक. २ डिसेंबरला ते स्वतः आंदोलकांच्या ट्रकवर चढले आणि त्यांनी लाउडस्पीकरच्या तारा उपटल्या. हे दृश्य देशभर गाजलं. पुढे हायाकावा सिनेटर झाले.

पोलिसांच्या लाठ्या रोजच्या झाल्या. जानेवारीत शिक्षकांची संघटनाही संपात उतरली. २३ जानेवारी १९६९ला एकाच दिवसात चारशेहून जास्त जणांना अटक झाली. पुढे हॉलिवूडचा नट म्हणून नाव कमावलेला डॅनी ग्लोव्हर या संपात विद्यार्थी म्हणून होता.

साडेचार महिन्यांनी, मार्चमध्ये समझोता झाला. अमेरिकेच्या इतिहासातला हा सर्वांत लांबलेला विद्यार्थी संप मानतात. ब्लॅक स्टडीज विभाग मंजूर झाला आणि त्याच वर्षी 'कॉलेज ऑफ एथ्निक स्टडीज' उभं राहिलं. पण सगळ्या मागण्या मान्य झाल्या नाहीत. ज्यांच्यासाठी संप झाला ते हेअर आणि मरे, दोघांनाही परत घेतलं नाही.

इतर विद्यापीठांत काय झालं?

एप्रिल १९६९मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी एक इमारत ताब्यात घेतली. त्याआधी कृष्णवर्णीय मुलींच्या वसतिगृहासमोर जळता क्रूस टाकला गेला होता. गोऱ्यांच्या दहशतवादी टोळ्यांची ही जुनी धमकी. इमारतीत काही गोरे विद्यार्थी घुसल्यावर आतल्यांनी बचावासाठी बंदुका मागवल्या. ३६ तासांनी ते बाहेर आले, गोळी एकही सुटली नाही. पण खांद्यावर बंदूक घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या फोटोला पुलित्झर मिळालं. त्याच वर्षी तिथं आफ्रिकाना स्टडीजचं केंद्र सुरू झालं.

हार्वर्डमध्येही विभाग १९६९मध्येच निघाला. या विषयातली स्वतंत्र पीएचडी मात्र पहिल्यांदा १९८८मध्ये फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठानं सुरू केली. म्हणजे पदवीच्या वर्गापासून तिथवर यायला आणखी १९ वर्षं गेली.

वर्गात प्रत्यक्ष काय शिकवतात?

कॉलेजागणिक फरक असतो, पण साधारण आखणी अशी असते.

- सुरुवातीचा परिचय अभ्यासक्रम: पश्चिम आफ्रिकेतली राज्यं, अटलांटिक महासागरावरचा गुलामांचा व्यापार, १६१९मध्ये व्हर्जिनियात आणलेले आफ्रिकी लोक, यादवी युद्ध, त्यानंतरची वर्णभेदाची व्यवस्था, नागरी हक्क चळवळ.
- साहित्य आणि कला: फ्रेडरिक डग्लससारख्या सुटलेल्या गुलामांची आत्मचरित्रं, १९२०च्या दशकातली हार्लेमची चळवळ, टोनी मॉरिसन यांच्या कादंबऱ्या, ब्लूज, जॅझ आणि हिप-हॉप.
- समाज आणि राजकारण: घरं, शाळा, तुरुंग, आरोग्य, मतदान यांतला भेदभाव कसा चालतो.
- स्त्रियांचा अनुभव: कायद्याच्या अभ्यासक किम्बर्ले क्रेनशॉ यांनी १९८९मध्ये दाखवलं की कृष्णवर्णीय स्त्रीवर होणारा अन्याय नुसता वर्णाचाही नसतो आणि नुसता स्त्री म्हणूनही नसतो. दोन्ही एकत्र येतात तेव्हा कोर्टाला तो दिसतच नाही.
- शेवटच्या वर्षी बहुतेक ठिकाणी स्वतःचं संशोधन.

नावच नसेल तर इतिहास कसा शोधतात?

हा या अभ्यासाचा खरा गाभा. गुलामगिरीची बहुतेक कागदपत्रं मालकांनी, व्यापाऱ्यांनी आणि सरकारनं लिहिलेली आहेत. बऱ्याच दक्षिणी राज्यांत गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं गुन्हा होता. त्यामुळे विद्यार्थ्याला मालकाचा कागद उलट्या बाजूनं वाचायला शिकावं लागतं.

एक उदाहरण, पळून गेलेल्या गुलामाची जाहिरात. मालक ती त्याला पकडण्यासाठी देई. पण ओळख पटावी म्हणून त्याला सगळं लिहावं लागे. नाव, उंची, कपडे, कोणती भाषा बोलतो, सुतारकाम येतं का, पाठीवर वळ आहेत का, बायको कोणत्या मळ्यावर आहे. आज तीच जाहिरात त्या माणसाचं कौशल्य, त्याचं कुटुंब आणि त्याच्यावर झालेला मार या तिन्हींचा पुरावा ठरते.

दुसरं उदाहरण गुलामगिरी संपल्यानंतरचं. विकले गेलेले आईबाप, भावंडं शोधण्यासाठी लोक कित्येक वर्षं वर्तमानपत्रांत जाहिराती देत राहिले. मला अमुक मालकानं तमुक गावी विकलं, आईचं नाव हे होतं, कुणाला माहीत असेल तर कळवा, अशा धर्तीच्या. १८७०च्या भिंतीत अशा जाहिराती फट पाडतात.

तिसरं, १९३६ ते १९३८ या काळात सरकारी योजनेतून गुलामगिरी पाहिलेल्या दोन हजारांहून जास्त वृद्धांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. पण त्या जशाच्या तशा खऱ्या धरायच्या नाहीत, हेही वर्गात शिकवतात. मुलाखत घेणारे बहुतेक गोरे होते. सांगणारे ऐंशी-नव्वदीचे, मंदीत होरपळलेले, त्याच दक्षिणेत राहणारे. समोरच्या गोऱ्या माणसाला ते किती मोकळेपणानं सांगतील?

चौथं, आकडे. संशोधकांनी गुलामवाहू जहाजांच्या ३६ हजारांवर फेऱ्यांची नोंद एकत्र केली आहे. त्यावरून अंदाज निघतो की सुमारे १ कोटी २५ लाख आफ्रिकी लोकांना जहाजांवर चढवलं गेलं आणि सुमारे १ कोटी ७ लाख जिवंत उतरले. त्यातले थेट उत्तर अमेरिकेत आले ते चार लाखांच्या आतच. बाकी बहुतेक ब्राझील आणि कॅरिबियन बेटांवर गेले.

याचा आजच्या जगण्याशी काय संबंध?

वॉशिंग्टनमधलं जॉर्जटाउन विद्यापीठ घ्या. १८३८मध्ये ते चालवणाऱ्या जेझुइट पाद्र्यांनी २७२ गुलाम लुइझियानातल्या मळेवाल्यांना विकले आणि त्या पैशातून विद्यापीठाचं कर्ज फेडलं. इथं विक्रीच्या यादीत नावं होती. त्यांवरून आज हयात असलेल्या हजारो वंशजांचा माग लागला.

एका इमारतीला पूर्वी विक्री करणाऱ्या अध्यक्षांचं नाव होतं, २०१७मध्ये विद्यापीठानं तिला त्या यादीतलं पहिलं नाव दिलं, आयझॅक हॉकिन्स. २०१९मध्ये विद्यार्थ्यांनी मतदान घेतलं आणि वंशजांसाठी दर सत्राला प्रत्येकी २७ डॉलर २० सेंट देण्याच्या बाजूनं सुमारे दोन तृतीयांश मतं पडली. विद्यापीठानं हे शुल्क लावलं नाही, त्याऐवजी देणग्यांतून निधी उभारायचं ठरवलं. हे पुरेसं आहे का, यावर मतभेद आहेत. पण प्रश्न समोर आला तो जुन्या यादीतली नावं कुणीतरी वाचल्यामुळे.

यावर आक्षेप कोणते?

पहिले मोठे आक्षेप कृष्णवर्णीय विचारवंतांकडूनच आले होते. पुढे नोबेल मिळवणारे अर्थतज्ज्ञ आर्थर लुइस यांनी १९६९मध्येच लिहिलं की कृष्णवर्णीय मुलांनी इंजिनिअरिंग, वैद्यक, अर्थशास्त्र अशा विषयांत शिरावं, वर जाण्याचा रस्ता तिकडे आहे. नागरी हक्क चळवळीतले संघटक बेयार्ड रस्टिन यांनाही भीती होती की अभ्यासाच्या नावाखाली नुसता स्वाभिमानाचा जयघोष होईल.

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, पण 'हे की ते' अशी निवड करावीच लागते असं नाही. मे जेमिसन यांनी स्टॅनफर्डमध्ये केमिकल इंजिनिअरिंगची पदवी घेताना आफ्रिकन आणि आफ्रो-अमेरिकन स्टडीजचा अभ्यासक्रमही पूर्ण केला. १९९२मध्ये त्या अंतराळात गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला ठरल्या. मिशेल ओबामा यांनी प्रिन्स्टनमध्ये समाजशास्त्राबरोबर हा दुय्यम विषय घेतला होता आणि पुढे त्या वकील झाल्या.

आजचा आक्षेप वेगळा आहे. हे विषय गोऱ्या मुलांना अपराधी वाटायला लावतात, देशाबद्दल द्वेष शिकवतात, असं अनेक रिपब्लिकन नेते म्हणतात. २०२२मध्ये अमेरिकेतल्या ६० शाळांत 'एपी आफ्रिकन-अमेरिकन स्टडीज' हा कॉलेजच्या तोडीचा अभ्यासक्रम चाचणी म्हणून सुरू झाला. जानेवारी २०२३मध्ये फ्लोरिडा राज्यानं तो नाकारला. त्यानंतर आलेल्या आराखड्यात काही समकालीन विषय ऐच्छिक केले किंवा गाळले गेल्यानं उलट बाजूनंही टीका झाली.

त्याच वर्षी फ्लोरिडाच्या शालेय निकषांत आलं की गुलामांनी शिकलेली काही कौशल्यं कधीकधी त्यांच्या स्वतःच्या उपयोगी पडली. यावर देशभर वाद झाला. समर्थक म्हणाले, कौशल्यं होती हे खोटं आहे का? अभ्यासकांचं उत्तर असं की अनेक माणसं भातशेती, लोहारकाम अशी कौशल्यं आफ्रिकेतूनच घेऊन आली होती, आणि गुलामाच्या मेहनतीची कमाई मालकाची होती. असा दावा तपासायचा कसा, हेच या वर्गात शिकवतात.

महाराष्ट्राशी याचा धागा आहे का?

आहे, आणि जुना आहे. महात्मा फुले यांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. हार्लेमची वस्ती तिथून जवळच. १९४६मध्ये त्यांनी डु बॉइस यांना पत्र लिहिलं. कृष्णवर्णीयांच्या वतीनं संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती, कारण अस्पृश्यांच्या बाजूनंही तसंच काही करण्याचा विचार होता. डु बॉइस यांनी सहानुभूतीनं उत्तर दिलं. हा पत्रव्यवहार मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संग्रहात जपलेला आहे.

१९६६मध्ये ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्ष काढणारे ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील हे त्याआधी मेरिट कॉलेजात कृष्णवर्णीय इतिहासाच्या वर्गासाठी धडपडणारे विद्यार्थी होते. त्या पक्षाचं नाव घेऊन १९७२मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दलित पँथर उभी केली.

हा विषय कोण शिकू शकतं?

कुणीही. वर्णाची अट नाही. अमेरिकेत बहुतेक कॉलेजांत आधी कॉलेजला प्रवेश मिळतो आणि मुख्य विषय साधारण दुसऱ्या वर्षापर्यंत ठरवता येतो. त्यामुळे कॉम्प्युटर सायन्ससाठी गेलेला मराठी विद्यार्थीही यातला एखादा कोर्स घेऊ शकतो. या विषयाचे पदवीधर शिक्षण, कायदा, पत्रकारिता, संग्रहालयं, सार्वजनिक आरोग्य, सरकारी धोरण अशा क्षेत्रांत जातात.

घरबसल्या सुरुवात करायची असेल तर येल विद्यापीठाचा आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाचा एक संपूर्ण कोर्स इंटरनेटवर मोफत आहे. शिकवणारे प्राध्यापक जोनाथन हॉलोवे. १९३०च्या दशकातल्या त्या मुलाखती लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर वाचता येतात आणि गुलामवाहू जहाजांच्या नोंदीही सगळ्यांसाठी खुल्या आहेत.

त्या नोंदी एकदा उघडून बघा. बहुतेक जहाजांचं नाव मिळेल, अनेकदा कप्तानाचंही मिळेल. आत भरलेल्या माणसांचा बहुतेक वेळा फक्त आकडा असेल. विषयाला सुरुवात तिथूनच होते.